शेजारचा रकाना

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीनं मला दोन अटी घातल्या होत्या. एक, कॉम्प्युटरवर बोलायचं नाही, कारण जेवणाआधी लोकांना झोप येईल. दोन, शाळेच्या आठवणी सांगायच्या नाहीत, कारण त्या सगळेच सांगणार आहेत. दोन्ही अटी मी थोड्या थोड्या मोडणार आहे, पण विषय तिसराच घेतला आहे. तो म्हणजे बातमी. बातमी निवडली कशी जाते, तिच्यात काय येतं आणि काय बाहेर राहतं, आणि वाचणाऱ्यानं त्याचं काय करायचं, एवढंच बोलणार आहे.

निमित्तं दोन आहेत. एक म्हणजे थोड्याच दिवसांत ६ जानेवारी येईल. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात, आणि त्याचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. दुसरं निमित्त म्हणजे आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तो २०२४च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ मोडला होता, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांना मी आता सांगणारच आहे.

आधी ६ जानेवारी. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर जेमतेम विशीत होते, तेव्हा त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र. सुरुवातीला ते पंधरा दिवसांनी निघायचं, काही महिन्यांत साप्ताहिक झालं आणि १८४०पर्यंत चाललं. बाळशास्त्री १८४६ साली गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. हे सगळं आपण सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण एक गोष्ट तेव्हा कोणी मुद्दाम सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मागच्या बाकापर्यंत पोचली नव्हती. 'दर्पण'च्या पानावर दोन रकाने असत. एका रकान्यात मराठी, त्याच्या शेजारच्या रकान्यात इंग्रजी.

याचा अर्थ बघा. इंग्रजी रकाना राज्यकर्त्यांनी वाचावा, मराठी रकाना इथल्या लोकांनी वाचावा. पण दोन्ही एकाच कागदावर! ज्याला दोन्ही भाषा येत होत्या त्याला नजर जरा उजवीकडे-डावीकडे फिरवली की कळत होतं, साहेबाला काय सांगितलं जातंय आणि आपल्याला काय सांगितलं जातंय. ही शेजारच्या रकान्याची सोय मला फार मोलाची वाटते. माझं आजचं सगळं बोलणं त्या रकान्याभोवतीच फिरणार आहे.

आता थोडी आठवण. परिपाठ आठवतो? प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, आणि मग बातम्या. दर आठवड्याला एकेका मुलाची पाळी. घरचा पेपर किंवा सकाळच्या रेडिओवरच्या बातम्या, त्यातून पाच मथळे वहीत लिहून आणायचे आणि वाचायचे. क्रिकेटवेड्या मुलाची पाळी असली की पाचातले तीन मथळे क्रिकेटचे. ज्याचे वडील होडीवर जायचे तो वाऱ्या-पावसाची बातमी पहिली घ्यायचा. एका मैत्रिणीच्या पाचही बातम्या शिक्षक भरतीच्या असायच्या, कारण तिची ताई डी.एड. होऊन घरी बसली होती. कोणीच खोटं वाचत नव्हतं. पेपर तोच, दिवस तोच, तरी आठवडाभर शाळेसमोर उभं राहणारं जग बदलायचं. आपण सगळे तेव्हाच संपादक झालो होतो, फक्त कोणी तसं म्हटलं नाही.

म्हणून पहिला मुद्दा. निवड केल्याशिवाय बातमी होतच नाही. उद्या आपल्या या कार्यक्रमाची बातमी पेपरात येईल. मथळा मी आजच सांगते: 'माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा उत्साहात संपन्न'. खाली फोटो, फोटोत व्यासपीठ. पहाटे चारपासून मागे वड्यांचं पीठ मळणाऱ्या बायका फोटोत नसतील. रजा मिळाली नाही म्हणून जे आले नाहीत ते नसतील. वर्गणी परवडत नाही म्हणून ज्यांनी फोन उचलला नाही, ते तर नसतीलच. बातमी खोटी असेल का? एक अक्षरही खोटं नसेल. पण आपल्या तुकडीची पूर्ण हकिकत तिच्यात असेल का, तर तीही नसेल. त्यात वार्ताहराचा दोष किती? तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन तुटपुंजं, दिवसाला चार-पाच कार्यक्रम, वर पुरवणीसाठी जाहिराती त्यालाच गोळा कराव्या लागतात. जो जाहिरात देतो त्याच्याविरुद्धची ओळ लिहिताना हात अडखळतो, तेही समजण्यासारखं आहे. दुष्टपणा कुठेच नाही, तरी निवड झालेली आहे.

आता २०२४चा ऑगस्ट. हा विषय काढू नकोस असं मला दोघांनी सांगितलं. पण आपल्या गावात घडलेली गोष्ट आपणच शांतपणे बोलायची नाही, तर कोणी बोलायची? मी कोणाची बाजू घेणार नाही. फक्त घटना ओळीनं ठेवते.

४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४, सोमवार, दुपारी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले की वारा ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाचा होता आणि पुतळ्याचं काम नौदलानं करून घेतलं होतं. नौदलानं चौकशीसाठी पथक नेमलं. पुतळ्याच्या नटबोल्टना गंज चढल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागानं काही दिवस आधीच नौदलाला पाठवलं होतं, हे पुढे आलं. आपण मान्यता दिली होती ती सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला, असं कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं. २८ ऑगस्टला किल्ल्यावर दोन राजकीय पक्षांचे कार्यकर्ते भिडले. ३० ऑगस्टला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी माफी मागितली. शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली. ११ मे २०२५ रोजी त्याच जागी ६० फुटी नव्या पुतळ्याचं अनावरण झालं.

एवढ्या घटना. आता यातून तीन बातम्या करून दाखवते. पहिली: वादळी वारा, पुतळा कोसळला, नौदलाची चौकशी, पंतप्रधानांची माफी, नवा पुतळा अधिक भव्य. दुसरी: नऊ महिन्यांत पुतळा कोसळला, गंजाचं पत्र आधीच गेलं होतं, मान्यता फक्त छोट्या नमुन्याला. तिसरी: किल्ल्यावर राडा, दगडफेक, नेते समोरासमोर, पोलिसांची धावपळ. तिन्हीत एकही वाक्य खोटं नाही. पण पहिली वाचणाऱ्याला वाटेल की निसर्गापुढे कोणाचं चालतं, आणि जे झालं ते दुरुस्तही केलं. दुसरी वाचणाऱ्याला वाटेल की सगळे बेफिकीर. तिसरी वाचणाऱ्याला पुतळा का पडला हा प्रश्नच पडणार नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे फक्त मारामारी आहे. टीव्हीवर त्या आठवड्यात तिसरी बातमी किती वेळा फिरली, ते आठवून बघा.

ते गंजाचं पत्रच घ्या. एकानं ते छापलं बेफिकिरीचा पुरावा म्हणून: बघा, माहीत असून कोणी हललं नाही. पण तेच पत्र दुसरंही काही सांगतं: आपल्या मालवणच्या कचेरीतल्या कोणीतरी बोल्ट पाहिले आणि लेखी कळवलं. कोणी तरी आपलं काम केलं होतं! कागद एकच, पण निष्काळजीपणा दाखवायला तो चालतो आणि दक्षता दाखवायलाही चालतो. कोणी कशासाठी वापरला हे बघायचं असेल, तर त्याच्या आगेमागे काय छापलंय ते बघावं लागतं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे माझी नजर आकड्यावर जाते. ताशी ४५ किलोमीटर. हा आकडा जास्त की कमी? एकट्या आकड्याला काही बोलता येत नाही, त्याला शेजारी लागतो. आपल्या किनाऱ्यावर बांधकाम करताना ताशी शंभर किलोमीटरच्या बऱ्याच वरचा वारा गृहीत धरतात. तौक्ते वादळात याच किनाऱ्यानं ४५पेक्षा कितीतरी जोराचा वारा सोसला. हे शेजारी दिले की आकडा बोलायला लागतो. आता दुसऱ्या बाजूचंही उदाहरण देते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं बाजू घेतली. त्या दिवसांत एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला: समुद्रात साडेतीनशे वर्षं उभा असलेला सिंधुदुर्ग आणि शेजारी पडलेला पुतळा. बघून काळजात कळ येते. पण दगडी तट आणि लोखंडी सांगाड्यावरचा धातूचा पुतळा ही दोन वेगळी बांधकामं. पुतळ्याचा योग्य शेजारी म्हणजे खाऱ्या हवेत उभा असलेला दुसरा पुतळा. शेजारी द्यायचाच, पण तो जुळणारा द्यायचा.

आता मराठीच्या बाईंसाठी. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जरा घाबरतच बोलते. बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि विचारायच्या, "कर्ता कोण?" आम्ही रट्टा मारला, मार्क मिळवले आणि विसरलो. तीस वर्षांनी सांगते बाई, पेपर वाचायला याहून चांगलं हत्यार मला मिळालेलं नाही. 'पुतळा उभारण्यात आला.' कर्ता कोण? 'पत्राकडे दुर्लक्ष झाले.' कर्ता कोण? 'नाराजी व्यक्त होत आहे.' कोणाची? 'सूत्रांकडून समजते.' कोणती सूत्रं? ज्या वाक्यातून कर्ता गायब आहे, तिथे बोट ठेवून थांबायचं. काही वेळा तो खरोखरच माहीत नसतो. काही वेळा माहीत असतो, पण छापणं सोयीचं नसतं.

निवडीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो मला वैयक्तिक जास्त लागला. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं. मी पुण्यात, आई-बाबा इथे. वीज गेली, मोबाइल गेला, तीन दिवस घरचा आवाज नाही. टीव्ही लावला की मुंबई. मुंबईतली पडलेली झाडं, मुंबईच्या लाटा, आणि मग मुंबईजवळच्या समुद्रात बुडालेला पी-३०५ तराफा. त्या तराफ्यावर सत्तरहून अधिक माणसं गेली. ती बातमी मोठी होतीच, तिला जागा द्यायलाच हवी होती. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचं काय झालं हे मला कळेना. घरांची कौलं, होड्या, आंब्या-काजूच्या बागा, सगळ्याचं नुकसान झालं होतं. कॅमेरा मात्र जिथे रस्ता होता, वीज होती आणि नेटवर्क होतं, तिथेच पोचला.

माझ्या कामात याला जोड सापडते. मी ज्या यंत्रणांवर काम करते, त्यांत शेकडो सर्व्हर चालू असतात आणि प्रत्येक जण सतत आपली खुशाली कळवत असतो. नवीन मुलं पडद्यावर लाल खुणा शोधतात, म्हणजे ओरडणारे सर्व्हर. जुना माणूस आधी गप्प झालेला सर्व्हर शोधतो. कारण ओरडणारा निदान जिवंत आहे, गप्प झालेला कदाचित बंद पडलेला असतो. नोंद शून्य म्हणजे बिघाड शून्य असं नसतं. वादळात ज्या गावाचं नुकसान सर्वांत जास्त, त्या गावातून फोटो सर्वांत कमी येतात, कारण फोन चार्ज करायला वीजच नसते. आणि पुढाऱ्यांचे दौरे, पंचनाम्यांची घाई, मदतीचा ओघ, हे सगळं बऱ्याच वेळा दिसणाऱ्या नुकसानीच्या मागे जातं. म्हणून बातमीत काय आलं एवढंच न बघता कोण गप्प आहे, हेही बघायची सवय मी लावून घेतली आहे.

तसंच संथ गोष्टींचं. बातमीला 'काल' लागतो. काल काय घडलं? पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीनची नौका पकडली, समुद्रात हाणामारी झाली, ही बातमी होते. रापणीला लागणारी मासळी वर्षागणिक कमी होत गेली, ही बातमी होत नाही, कारण ती 'काल' घडलेली नसते. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारनं अधिसूचना काढून पर्ससीनवर निर्बंध घातले, त्या दिवशी बातमी झाली. त्यांची अंमलबजावणी कशी होते, गस्तीला नौका किती, हे रोजचं असल्यामुळे मागे पडतं. मग बाहेरचा वाचक म्हणतो, "हे मालवणचे मच्छीमार सारखे भांडतात." त्याच्यापर्यंत फक्त भांडणंच पोचलेली असतात. भांडणामागची वीस-पंचवीस वर्षं पोचलेली नसतात.

कोणी म्हणेल, पूर्वीची पत्रकारिता तशी नव्हती. पूर्वीचंही एक उदाहरण देते. 'केसरी' १८८१ साली सुरू झाला. टिळक, आगरकर, दोघेही पंचविशीचे, देशासाठी घरदार बाजूला ठेवलेले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. कोल्हापूरच्या महाराजांना होणाऱ्या छळाबद्दल त्यांना मनापासून चीड होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची काही पत्रं हाती आली, त्यांच्या आधारे 'केसरी' आणि 'मराठा'त मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं बनावट ठरली. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. लोकांनी सुटकेनंतर त्यांचं स्वागतच केलं, पण म्हणून पत्रं खरी झाली नाहीत. मला यातून एवढंच दिसतं की जे आपल्याला आधीच खरं वाटत असतं, त्याचा पुरावा हातात आला की तपासायचा हात ढिला पडतो. टिळक-आगरकरांच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर चॅनेलवाल्याच्या आणि आपल्या बाबतीत का होणार नाही?

आता ती मोडणारी पहिली अट: कॉम्प्युटर. दोनच मिनिटं, झोपू नका. तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या बातम्या कोणी संपादक निवडत नाही, गणित निवडतं. तुमचं बोट कुठे थांबलं, व्हिडिओ किती सेकंद पाहिला, काय पुढे पाठवलं, कशावर चिडून लिहिलं, हे मोजलं जातं. ज्यावर थांबलात त्याच्यासारखंच उद्या वर येतं. हे गणित लिहिणारे माझ्यासारखेच लोक आहेत. सकाळी डबा भरतात, मुलांना शाळेत सोडतात आणि कामाला बसतात. 'लोकांना भडकवा' असं कोणी सांगत नाही. 'लोक जास्त वेळ थांबले पाहिजेत' एवढंच ठरवलेलं असतं. आणि माणूस रागात जास्त वेळ थांबतो, हे त्या गणिताला आपोआप सापडतं.

पेपरच्या संपादकाचा कल तुम्हाला माहीत असायचा. अमका पेपर अमक्या पक्षाचा, हे चहाच्या टपरीवरही लोक सांगायचे. पटलं नाही तर वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहिता यायच्या. टपरीवर एकच पेपर दहा जण वाचायचे, त्यामुळे निदान भांडण एकाच मजकुरावर व्हायचं. आता दहा जणांच्या हातात दहा वेगळे पेपर आहेत, आणि शेजाऱ्याच्या हातातला आपल्याला दिसत नाही. बाळशास्त्रींनी दोन रकाने एका पानावर आणले होते. आपण ते कापून एकेकाच्या खिशात ठेवले.

आपल्या ग्रुपवर नेमकं हेच झालं. दोघांची परवानगी घेऊन सांगते, नावं घेत नाही. दोघेही आज इथे आहेत. एक मालवणात दुकान चालवतो, दुसरा डोंबिवलीत नोकरी करतो. एकाच बाकावर पाच वर्षं बसलेले. २६ ऑगस्टच्या रात्रीपासून एकजण वाऱ्याच्या आणि चौकशीच्या बातम्या टाकत होता, दुसरा गंजाच्या आणि मान्यतेच्या. चार दिवसांत "तू विकला गेलास"पर्यंत गाडी गेली. मालवणातल्यानं लिहिलं, "तुमका थंय बसान काय कळता?" डोंबिवलीकर ग्रुप सोडून गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी सहा जण गेले. मी त्या चार दिवसांतले सगळे मेसेज नंतर शांतपणे वाचले. दोघांनी पाठवलेल्या बातम्यांत खोट्या फारच थोड्या होत्या. एक जण खोटारडा आणि दुसरा खरा, असा प्रकारच नव्हता. दोघांच्या हातात एकेक रकाना होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, पान एवढंच आहे.

दोघे पुन्हा बोलायला लागले ते पुतळ्यावर एकमत होऊन नव्हे. दुकानदाराच्या आईला ऑपरेशनसाठी मुंबईला न्यावं लागलं, तेव्हा स्टेशनवर गाडी घेऊन डोंबिवलीकर उभा होता. मतं आजही वेगळी आहेत. असू देत. मतं वेगळी असायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की वेगळी मतं निदान एका पानावरून व्हावीत.

आमच्या कंपन्यांत मोठा बिघाड झाला की अहवाल लिहायची एक पद्धत आहे. आधी फक्त वेळ आणि घटना: किती वाजता काय झालं. त्यात 'कारण' हा शब्द वापरायचा नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. त्याखाली एक स्वतंत्र यादी: काय अजून कळलेलं नाही. आणि सगळ्यात शेवटी कारणं. हा क्रम उलटा केला की लोक आधी दोषी ठरवतात आणि मग त्याला जुळणाऱ्या घटना वेचतात. बातम्यांच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा उलट्याच क्रमानं चालतो. ग्रुपवर पहिला मेसेज 'कोणामुळे' असा येतो, आणि 'काय' नंतर शोधलं जातं.

तर माझ्याकडे तीनच प्रश्न आहेत. पहिला बाईंचा: कर्ता कोण? दुसरा गणिताच्या सरांना आवडेल असा: आकड्याचा शेजारी कोण? तिसरा बाळशास्त्रींकडून घेतलेला: शेजारच्या रकान्यात काय आहे? एखादी बातमी वाचून हात शिवशिवला, लगेच पुढे पाठवावीशी वाटली, की त्याच घटनेची दुसरी बातमी शोधायची. आपल्याला न आवडणाऱ्या पेपरातली शोधायची. पाच मिनिटं लागतात. 'सगळेच विकले गेलेत' म्हणून सगळंच सोडून देणं सोपं आहे, पण त्यानं उन्हातान्हात फिरणाऱ्या प्रामाणिक वार्ताहरावर अन्याय होतो, आणि सोडून दिलेली जागा अफवा घेते.

शेवटी एक प्रस्ताव. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, त्यांची संमती आहे. परिपाठात बातम्या अजूनही वाचतात, पण मुलं आता मोबाइलवरून उतरवून आणतात. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला दोन वेगळ्या कलांची दोन दैनिकं कायमची सुरू करावीत. एक स्थानिक असावं. आठवड्यातून एक दिवस, एकच घटना, दोन्ही पेपरांतून, दोन मुलांनी समोरासमोर उभं राहून वाचावी. मग बाकीच्यांनी सांगावं, पहिल्यात काय होतं जे दुसऱ्यात नव्हतं. शिक्षकांनी कोण बरोबर हे सांगू नये, फक्त 'कर्ता कोण' एवढं विचारावं. वार्ताफलकही दोन रकान्यांचा करावा. सुताराचा खर्च फार नाही.

दोन पेपरांचं वर्षाचं बिल सगळ्यांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला एका वेळच्या मासळीच्या थाळीहूनही कमी येतं. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या दोन ओळींत माझ्या आधीच दोन नावं आहेत, एक मालवणचं आणि एक डोंबिवलीचं. तिसरं माझं. चौथ्या ओळीपासून जागा रिकामी आहे. जेवायला जाताना वाट त्या टेबलावरूनच आहे, हे समितीनं मुद्दाम केलं आहे.